पारख जिभेची आणि परीक्षानळीची

पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा सकाळी गोड लागते. तीच दुपारी किंचित आंबट आणि फेसाळ होते आणि संध्याकाळपर्यंत तिची ताडी झालेली असते. आणखी काही दिवस तशीच ठेवली, तर तिचा शिरका होतो. झाड एक, मडके एक, रसही एकच. फरक पडतो तो वेळेचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या कामाचा. पनवेलपासून उरण, अलिबागपर्यंतच्या पट्ट्याला ताड, माड आणि शिंदी या झाडांचा हा रस नवा नाही. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, आणि आंबण्याआधीचा ताजा रस तो नीरा, एवढा हिशेब इथल्या जुन्या माणसांना पाठ असतो.

या रसाचा जाणकारही असतो. तो पेला तोंडाला लावण्याआधी फेस पाहतो, वास घेतो. मग एक घोट तोंडात घोळवून ठरवतो: गोडी किती उरली, आंबटपणा किती चढला, घशाला झोंबते किती, आणि गिळल्यावर जिभेवर मागे काय राहते. युरोपात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये शेतमजुरांसाठी शेतावरच बिअर बनवण्याची जुनी रीत होती. तिला आज फार्महाऊस एल म्हणतात. तिच्या स्पर्धा भरतात आणि परीक्षक रंग, फेस, वास, चव व तोंडातला भरीवपणा यांना वेगवेगळे गुण देतात. ताडीच्या मडक्यापाशी बसलेला कोकणातला म्हातारा गुणपत्रिका भरत नाही, पण पारखतो त्याच गोष्टी.

मात्र जिभेला मर्यादा आहे. साखर, आम्ल आणि मद्यार्क तिला कळतात. याच पेल्यात लोह किती, ‘क’ जीवनसत्त्व किती, कुपोषित मुलाला किंवा गरोदर बाईला याचा उपयोग होईल का, हे तिला सांगता येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शोधले गेले. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या डॉ. कमला सोहोनी.

रसायनशास्त्राचे घर

कमलाबाई माहेरच्या भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूरला त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाई, आणि हे दोघे भाऊ तिथे शिकले होते. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील मोठ्या लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक झाल्या, त्या दुर्गाबाई भागवत. एकीने लोकांच्या कथा आणि रीतिरिवाज अभ्यासले, दुसरीने लोकांच्या ताटातले अन्न. विषय वेगळे असले तरी सामान्य माणूस काय खातो, काय सांगतो, कसा जगतो, याचे कुतूहल दोघींना सारखेच होते.

१९३३ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली. रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र उपविषय. विद्यापीठात त्यांचा पहिला क्रमांक आला. पुढचे पाऊल घरानेच दाखवलेले होते, वडील आणि काका जिथे शिकले त्या बंगळूरच्या संस्थेत संशोधन करायचे. त्यांनी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळवलेले. गुणांत काही उणे नव्हते. कारण एकच होते, अर्जदार स्त्री होती. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा ही विशी-बाविशीतली मुलगी स्वतः बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि नकाराचे कारण मागू लागली. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते, आणि कमलाबाईंनीही हटायचे नाही असे ठरवले होते.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परिवीक्षेचे. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला अधिकृत मान्यता नाही. आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट त्यांच्या मनाला लागली. तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, आणि उतारवयातही त्याबद्दल मोकळेपणाने बोलत राहिल्या. तरीही अटी स्वीकारून त्या कामाला लागल्या. मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या, शिस्तीचे कडक आणि शिकवण्यात उदार. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि नियमित प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

केंब्रिजमधला बटाटा

पुढचा टप्पा केंब्रिज. तिथल्या न्यूनहॅम कॉलेजात त्या दाखल झाल्या आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करू लागल्या. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. शरीराला इंधन पुरेसे मिळाले तरी काही घटक अगदी सूक्ष्म प्रमाणात न मिळाल्यास माणूस आजारी पडतो, हा विचार रुजवणाऱ्यांपैकी ते एक. ज्या प्रयोगशाळेत असा विचार करायची सवय लागते, तिथून बाहेर पडलेली व्यक्ती पुढे नीरेच्या पेल्याकडे केवळ गोड पेय म्हणून पाहील, हे शक्यच नव्हते.

डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हिल यांच्याकडे विषय होता वनस्पतींच्या ऊतींचा. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते त्या साखळीतला हा एक दुवा आहे. प्राणी आणि यीस्ट यांच्याप्रमाणे वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी हीच यंत्रणा वापरतात, या समजुतीला त्यांच्या कामाने बळ दिले. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. तो जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहून संशोधन चालू ठेवणे सोपे होते. त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतल्या कुन्नूर इथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या, आणि इथून त्यांच्या कामाचा आपल्या ताटाशी थेट संबंध सुरू होतो.

कडव्या वालाचे कोडे

विद्यार्थ्यांना विषय देताना कमलाबाईंनी गरिबांच्या घरात रोज शिजणारे पदार्थ निवडले. डाळी, कडधान्ये, तांदळाचे पीठ. त्यातला एक होता वाल. पनवेल-पेण-अलिबागकडच्या वाचकांना वालाचे कौतुक सांगायला नको. थंडीत मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात लावलेली पोपटी आणि सणासुदीला सोललेल्या वालाचे बिरडे या भागाची ओळखच आहे.

कच्च्या वालात मात्र दोन अडचणी दडलेल्या असतात. आपल्या स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिने पचवते. अनेक कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात. ते शिल्लक राहिले तर खाल्लेले प्रथिन पूर्ण पचत नाही, म्हणजे पोट भरते पण पोषण होत नाही. दुसरा घटक रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारा, हिमॅग्लुटिनिन. तो पोटात गेला तर उलट्या, जुलाब होऊ शकतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल, डबल बी यांसारख्या कडधान्यांतले हे घटक वेगळे काढून त्यांचा अभ्यास केला.

या दोन्ही घटकांचा निकाल जिभेला लागत नाही. वालाचा कडवटपणा जिभेला कळतो, पण ट्रिप्सिन अडवणारा पदार्थ कळत नाही. आपल्या आज्यांनी वाल रात्रभर भिजत घालण्याची, मोड आणण्याची, पाणी टाकून देण्याची आणि मग चांगला शिजवण्याची रीत घालून दिली. पुरेशा ओल्या उष्णतेने यातले बहुतेक घटक निष्प्रभ होतात. रीत आधी होती, तिच्यामागचे कारण प्रयोगशाळेने नंतर सांगितले. कारण कळल्याचा फायदा असा, की घाईत अर्धवट शिजवलेले कडधान्य मुलाच्या ताटात वाढू नये हे ठामपणे सांगता येते.

नीरेची परीक्षा

नीरेचे कोडे वेगळे होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी काढून पोट भरणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. झाडे तीच, चढणारे हात तेच, फक्त रस आंबू न देता विकता आला तर रोजगारही टिकेल आणि नशाही टळेल, असा विचार पुढे आला. नीरा आणि तिच्यापासूनचा ताडगूळ यांना उत्तेजन मिळू लागले. पण लोकांच्या मनात नीरा म्हणजे ताडीची धाकटी बहीण. दारूच्या झाडाचा रस चांगल्या घरात कसा प्यायचा, हा संकोच होताच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे शास्त्रीय परीक्षण हाती घेतले.

नीरा हाताळणे सोपे नाही. फुलोऱ्याच्या दांड्याला धारदार पात्याने पातळ काप देऊन त्यातून ठिबकणारा रस मडक्यात जमा करतात. या रसात साधारण १० टक्क्यांच्या आसपास साखर असते. हवेतले, झाडावरचे आणि मडक्यातले यीस्ट लगेच त्या साखरेवर तुटून पडतात. मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून फेस. त्याच वेळी दुधाचे दही करणाऱ्या जातीचे जिवाणू रस आंबट करतात. शेवटी मद्यार्काचे शिरक्यात रूपांतर करणारे जिवाणू येतात. गोव्यातला माडाचा शिरका याच वाटेने तयार होतो. हे टाळण्यासाठी मडक्याला आतून चुन्याचा लेप देतात. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टची वाढ मंदावते. मडकेही रात्री बांधून सूर्योदयाआधी उतरवावे लागते, कारण ऊन चढले की यीस्टचे काम वेगात होते.

कमलाबाईंच्या परीक्षणात नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात आढळले. नीरा आटवून गूळ किंवा काकवी केली तरी यातले पोषण टिकून राहते, असेही दिसले. याचा व्यवहारातला अर्थ मोठा होता. नीरा काही तासांत नासते, गूळ महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे डोंगरातल्या पाड्यावरही तो पोहोचवता येतो.

त्या इथे थांबल्या नाहीत. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला, आणि त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. परीक्षानळीतला निष्कर्ष माणसाच्या शरीरात उतरतो का, हे पाहणे हा पोषणशास्त्राचा खरा कस असतो. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आजच्या वाचकासाठी इथे एक खुलासा आवश्यक आहे. हे काम झाले तेव्हा प्रश्न उपासमारीचा आणि कुपोषणाचा होता. आज पनवेलसारख्या शहरात मधुमेह घरोघरी आहे. नीरेत पोषक घटक असले तरी साखर भरपूर आहे. नैसर्गिक म्हणून ती मधुमेहींना चालते, हा समज चुकीचा आहे. ताडगुळाचेही तेच.

खुर्चीसाठी चार वर्षे

संशोधन नावाजले जात होते, तरी पदाच्या बाबतीत जुना अनुभव पुन्हा आला. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद त्यांच्या वाट्याला येणे न्याय्य होते. अंतर्गत राजकारणामुळे ते चार वर्षे लांबले. अखेर त्या संचालक झाल्या तेव्हा केंब्रिजच्या जुन्या सहकाऱ्यालाही, रिश्टर यांना, त्याचे अप्रूप वाटले. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी स्त्री असणे तेव्हा जगातही विरळा होते. आरेच्या दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांचा सल्ला मिळत असे.

कमलाबाईंच्या आयुष्यात ही गोष्ट दोनदा घडली. परीक्षा न घेताच निकाल लागला. बंगळूरला अर्ज वाचला गेला तो नावापुरता, मुंबईत ज्येष्ठता मोजली गेली ती उशिरा. नीरेचेही तसेच झाले होते. ती कुठल्या झाडाची, एवढ्यावरून तिच्याबद्दलचे मत ठरलेले होते. कमलाबाईंनी दोन्ही बाबतींत एकच उपाय केला. समोरच्याला तपासणी करायला भाग पाडले, आणि तपासणीत जे निघाले ते मांडले.

निवृत्तीनंतरही हे काम थांबले नाही. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत त्या सक्रिय झाल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहिले. विद्यार्थ्यांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. प्रयोगशाळेतली पारख गृहिणीच्या पिशवीपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता.

पेल्यात न दिसणारे धोके

आज ही पारख पूर्वीपेक्षा जास्त गरजेची आहे. ताडीचा मोसम चांगला नसला किंवा गिऱ्हाईक वाढले, की काही ठिकाणी पाण्यात साखर, क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची भुकटी मिसळून ‘ताडी’ विकली जाते. सवयीच्या गिऱ्हाइकाला ती जास्त ‘कडक’ वाटते. प्रत्यक्षात ते गुंगीचे औषध असते. अशी ताडी रोज पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर भ्रम होणे, हातपाय थरथरणे, फिट येणे असे प्रकार होतात. अशा रुग्णाला घरी कोंडून ठेवू नये, रुग्णालयात न्यावे.

विषारी दारूचा धोका त्याहून भयंकर. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे शंभराहून अधिक माणसे दगावली. कारण होते मिथेनॉल. चवीला आणि वासाला ते साध्या मद्यार्कापासून वेगळे ओळखता येत नाही. चांगल्यातला चांगला जाणकारही इथे फसतो. प्यायल्यानंतर काही तास, कधी पूर्ण दिवसभर, माणूस ठीक वाटतो. मग डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा, उलट्या, धाप सुरू होते. दारू पिऊन आलेल्या माणसाने नजर अंधुक झाल्याची तक्रार केली, तर उतरल्यावर बरे वाटेल म्हणून थांबू नये. लवकर उपचार मिळाले तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

ताज्या रसाचीही एक काळजी आहे. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिऊन निपाह विषाणूची लागण झाल्याचे अनेकदा आढळले आहे. रात्री वटवाघळे उघड्या मडक्यावर येऊन रस चाटतात, आणि त्यांची लाळ किंवा मूत्र रसात मिसळते. रसाची चव बदलत नाही. म्हणून मडके झाकलेले असणे महत्त्वाचे. नीरा घ्यायचीच असेल तर ती अधिकृत केंद्रावरची, थंड ठेवलेली आणि सकाळची घ्यावी. फेसाळ, आंबूस झालेली नीरा मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि यकृताच्या रुग्णांना देऊ नये, कारण तिच्यात मद्यार्क तयार होऊ लागलेला असतो. मुरलेल्या ताडीत तो बिअरइतका असू शकतो. झाडाचा रस म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालकपद भूषवलेल्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी कमलाबाईंचा दिल्लीत सत्कार घडवून आणला. वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटून गेली होती, आणि मधल्या काळात देश त्यांना बराचसा विसरला होता. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. बंगळूरला दार अडवले गेले तेव्हा ज्या पिढीतल्या मुलींना प्रयोगशाळा म्हणजे परके घर होते, त्यांच्या नाती आज पनवेलच्या रुग्णालयांत आणि अन्नपदार्थांच्या तपासणी प्रयोगशाळांत नमुने तपासत बसलेल्या असतात. वाल अर्धा तास जास्त शिजू देणे आणि पेल्यातले पेय कुठून आले हे विचारल्याशिवाय तोंडाला न लावणे, एवढे तर आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.